टिचबटणांची इंग्रजी

८ जून

वन्सं,

हे पत्र तुमची सूनबाई तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवणार, म्हणून आधी तिच्याशी बोलून घेते.

सूनबाई, माझं अक्षर म्हणजे मशीनखाली पडलेल्या दोऱ्यांचा गुंता आहे. जिथं अडशील तिथं काहीतरी ठोकून दे, पण माझ्या तोंडी शोभेल असं दे. तुझ्याबद्दल काही वाकडं लिहिलेलं आलं तर तेही वाच. गाळलंस तर तुझ्या सासूला कळेल. वर्गात कोण तोंड नुसतं हलवतंय आणि कोण खरंच म्हणतंय, हे त्यांना फळ्याकडे तोंड करूनही कळायचं.

आता वन्सं, तुम्ही. दोन महिन्यांसाठी म्हणून लेकाकडे गेलात. छत्रीसुद्धा नेली नाहीत, ती दारामागे आहे तशीच आहे. हा तिसरा उन्हाळा. तुम्ही पोचल्याचा फोन केला नाहीत, मी पोचलात का म्हणून केला नाही. मी म्हटलं, गेल्या त्या, त्यांनी करावा. तुम्ही म्हटलं असेल, राहिली ती, तिनं करावा. दोघी आपापल्या जागी बरोबर आणि फोन आपला मधल्या मध्ये धूळ खात बसला.

आणि परवा तुमच्या लेकाचा फोन. "मामी, आईला झटका आला होता." मी म्हटलं, होता म्हणजे? तर म्हणे हिवाळ्यात. मग आता का सांगतोस? तर म्हणे आईनंच मान हलवून नको म्हटलं होतं. म्हणजे मान शाबूत आहे. मला जरा धीर आला.

मग त्यानं बाकीचं सांगितलं. उजवा हात थोडा जड आहे, चालता येतं, ऐकलेलं सगळं कळतं. फक्त तोंड उघडलं की आपलं बोलणं येत नाही. इंग्रजी येते, तीही तुकड्यातुकड्यांनी. डॉक्टर म्हणाले असं होतं कधीकधी, जी भाषा जन्मभर शिकवली ती आधी वर येते.

वन्सं, मी इंग्रजी शिकावी अशी तुमची फार इच्छा होती. पण त्यासाठी इतक्या थराला जायची काही गरज नव्हती.

मी त्याला म्हटलं, त्यांना घरी आणून सोड. तो मग म्हणाला, "मामी, ती मराठी बोलू शकत नाही, तुम्हाला इंग्रजी येत नाही. रात्री तिच्या छातीत दुखलं तर ती काय सांगणार आणि तुम्हाला काय कळणार?"

"मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळतं."

"तोंडाकडे बघून औषध देता येत नाही, मामी."

पोरगं खोटं बोलत नव्हतं, म्हणून मला राग आला. मग त्यानं बदलीचं सांगितलं. सप्टेंबरात तो आणि सूनबाई समुद्रापलीकडे जाणार. तोवर ठरायला हवं, तुम्ही त्यांच्याबरोबर जायचं की इकडे माझ्याकडे यायचं. तिकडे गेलात की तुम्ही काही परत येत नाही, हे तोही बोलला नाही आणि मीही बोलले नाही.

मी म्हटलं, "शिकते."

"काय?"

"इंग्रजी. सप्टेंबरच्या आत. तू परीक्षा घे. पास झाले तर माझी नणंद मला परत द्यायची."

तो हसला. पण नाही म्हणाला नाही, हे लक्षात ठेवा. सूनबाई, तू साक्षीदार.

सध्या मला येणारी इंग्रजी अशी: कॉलर, कफ, पॉकेट, झिप, साइज, अल्टर, अर्जंट, सॉरी. यातला सॉरी फक्त ऐकायचा आहे, मी तो वापरत नाही.

तुमची
कात्री


२७ जून

वन्सं,

कोट दुरुस्तीला आलेत, पडदे आलेत, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. माणसांची नुसती रीघ आहे. मला एकटीला फार होतं असं समजू नका.

तुमच्या खोलीत गेले होते. झाडायलाच गेले होते. कपाटावर तो बिस्किटांचा डबा सापडला, निळा, झाकणावर घोडागाडी असलेला. आठवतोय ना? सूनबाईला माहीत नसेल, म्हणून तिच्यासाठी सांगते.

सूनबाई, मी लग्न होऊन आले तेव्हा तुझी सासू लहान लेकरासकट भावाकडे राहत होती आणि शाळेत इंग्रजी शिकवत होती. लेकरू म्हणजे तुझा नवरा, तेव्हा नाक वाहायचं त्याचं. मी गावच्या शाळेतली, इंग्रजीचं पुस्तक लांबून पाहिलेली. एक दिवस वन्सं शाळेतून कपाळ धरूनच आल्या. म्हणाल्या, ही मुलं एकेक शब्द घोकतात आणि दुसऱ्या दिवशी सांडून येतात. शब्द म्हणजे शिवलेला कपडा आहे, उसवून बघितला की कळतो, हे त्यांना कसं सांगू? मी म्हटलं, सांगू नका, उसवूनच दाखवा. आणि आम्ही बसलो.

जाड कापडाचे तुकडे कापले. पुढं लागणारे लाल. मधले, म्हणजे मूळ शब्द, पांढरे. शेपटीला लागणारे निळे. टिचबटणं लावायची मी. लालला फक्त मागच्या बाजूनं बटण, निळ्याला फक्त पुढच्या बाजूनं, पांढऱ्याला दोन्हीकडून. म्हणजे कुणी कितीही अडाणी असो, शेपूट डोक्याला लागायचं नाही. वन्सं कापडावर अक्षरं काढायच्या, मी त्यावरून दोरा भरायची. असे ढीगभर केले. शिवले सगळे मी, वाचला एकही नाही. माझ्यासाठी ती वेलबुट्टी होती.

आता वाचतेय. डबा कापायच्या टेबलावर ओतलाय.

अन म्हणजे नाही, किंवा उलटं करणं. लॉकला अन लावलं की कुलूप निघालं. रि म्हणजे परत. लेस म्हणजे नसलेला, फुल म्हणजे भरलेला. एबल म्हणजे करता येण्यासारखं. वॉश म्हणजे धुणं, वॉशेबल म्हणजे धुता येण्यासारखं. आता गंमत बघा, हा शब्द मी आयुष्यभर कपड्यांच्या आतल्या लेबलावरून उसवून केरात टाकत आलेय. धुता येईल असं लिहिलेलं काढून टाकायचं आणि मग गिऱ्हाइकाला विचारायचं, का हो, हे धुतलं तर चालेल का?

पोर्ट म्हणजे वाहून नेणं. त्या तुकड्याच्या मागे तुमच्या अक्षरात बारीक लिहिलंय, "सपोर्ट, खालून उचलून धरणं." हे गेले त्या दिवशी तुम्ही माझ्या काखेत हात घालून मला उभं केलंत, त्याला हे नाव आहे हे मला कुठं माहीत होतं.

उच्चारासाठी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला धरलंय. रोज संध्याकाळी एक गोळी घ्यायची आणि चार शब्द फुकट. काल डोकं दुखत होतं. म्हटलं, आता नीट विचार करून इंग्रजीत मागावं. पेन म्हणजे दुखणं, फुल म्हणजे भरलेलं, दुखणं भरलेलं असतं तेव्हा गोळी लागते. म्हटलं, "एक पेनफुल गोळी द्या."

तो म्हणाला, "मावशी, पेनफुल गोळी नसते हो. पेनफुल इंजेक्शन आहे, देऊ का?"

रांगेत उभी असलेली माणसं हसली. मीही हसले. बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत असं चारचौघांत हसले नव्हते.

कात्री


११ जुलै

वन्सं,

आज पत्र नाही, नुसती तक्रार.

दोन पत्रं पाठवली. पोस्टमन दारावरून जातो आणि मान वर करत नाही. काल मी त्याला हाक मारली तर म्हणाला, "मावशी, असलं तर मी देणारच की, खिशात घालून घरी नेणार आहे का?" बरोबर बोलला, तरी मी त्याच्या पँटीची चेन दुरुस्त करायला आज नको, उद्या ये म्हणून सांगितलं. उद्याही नको म्हणणार आहे.

सूनबाई, वाचतेस ना? की नोकरीवरून दमून येतेस आणि म्हाताऱ्यांचे गुंते सोडवायला जीव होत नाही? तसं असेल तर तसं लिही. मी रागावणार नाही. रागावेन, पण तुला कळणार नाही.

क.


२२ जुलै

वन्सं,

आलं. सूनबाईचं पत्र आलं. पोस्टमनची चेन त्याच दिवशी लावून दिली.

ती लिहिते, "इतक्या थराला जायची गरज नव्हती" हे वाचल्यावर तुम्ही हसलात, मोठ्यानं हसलात, आणि झटक्यानंतर हे पहिल्यांदा. मी ते वाक्य इतक्यांदा वाचलं की कागद घडीवर फाटायला आला, त्याला मागून पट्टी लावलीय.

आणि ती लिहिते, तुम्हाला गरम पाणी हवं होतं, वॉर्म शब्द येईना, तर तुम्ही म्हणालात, "अनकोल्ड." त्या बिचारीला वाईट वाटलं. वन्सं, मी दुकानात एकटी हसत सुटले. तुम्ही लाल तुकडा घेतलात आणि दिसेल त्या पांढऱ्याला टिचकन लावलात, आपल्या डब्याचीच रीत ती. अनकोल्ड. यात चुकलं काय? पाणी गरमच आलं ना?

म्हणजे तुमच्या डोक्यात डबा सांडलाय. तुकडे सगळे आहेत, जागेवर नाहीत. सांडलेलं गोळा करणं मला येतं, जन्मभर जमिनीवरून बटणंच वेचलीत.

सोबत पार्सल आहे. जुने तुकडे तुमच्या हाताला झेपायचे नाहीत, टिचबटण दाबायला बोटांत जोर लागतो. म्हणून नवीन शिवलेत, मोठ्या कापडाचे, आणि बटणं जाड कोटांना लावतात ती चुंबकाची, हातानं नुसतं थोपटलं तरी बसतात. डाव्या हातानंही बसतात, मी उजवा हात पाठीमागे धरून करून बघितलं. लाल जास्त दिलेत. रागावायला लागतात.

सूनबाईनं त्या सांभाळणाऱ्या बाईबद्दल पण लिहिलंय. दिवसभर ती असते, इंग्रजी चांगली बोलते, अनकोल्ड तिला चटकन कळलं. छान आहे. हुशार दिसते. तिला शिवता येतं का? विचारा सहज.

इकडे माझा गोंधळ ऐका. एक बाई कोट घेऊन आली, बाह्यांना छिद्रं, अस्तर लोंबतंय, कोपर झिजून आरपार. हा कोट दुरुस्त करण्यात काही अर्थ नाही, त्याला आता किंमत राहिली नाही, हे मला सांगायचं होतं. आणि ती इंग्रजी बोलणारी. मी प्राइसला लेस लावलं. म्हटलं, "मॅडम, युवर कोट प्राइसलेस." तिचे डोळे भरून आले. म्हणाली, तिच्या वडिलांचा आहे. हात धरला माझा. आणि ठेवून गेली.

औषधवाल्यानं नंतर सांगितलं, प्राइसलेस म्हणजे इतकं मोलाचं की किंमतच करता येत नाही. म्हटलं, मग लेस म्हणजे नसलेलं, हे काय झालं? तो म्हणाला, "मावशी, किंमत नाहीच आहे की त्याला. दोन्हीकडून नाही."

आता तो कोट मला दुरुस्त करावा लागतोय. तीन रात्री, चुकले, तीन दुपारी तोच घेऊन बसलेय. वडिलांचा कोट म्हटल्यावर टाके बारीक घालावे लागतात.

वरच्या मजल्यावरचं कुटुंब गेलं. कधी गेलं म्हणाल तर झाले असतील काही महिने. तुम्ही विचारलं नव्हतं म्हणून लिहिलं नव्हतं. आवाज नसतो आता वर, शिवणकामाला चांगलं.

कात्री


१८ ऑगस्ट

वन्सं,

तुमच्या लेकानं तारीख दिली. महिनाअखेरच्या रविवारी दुपारी, फोनवर. तुम्ही इंग्रजीत काय म्हणाल ते मी त्याला आपल्या भाषेत सांगायचं. इंग्रजी बोलून दाखवायची अट नाही. समजली पाहिजे, एवढंच. माणूस आहे तो, सरकारी परीक्षक नाही.

तुमची खाट खिडकीशी सरकवलीय. एकटीनं. आधी तिच्याखाली सतरंजीची घडी सरकवली आणि मग ओढली, लादीला ओरखडा नाही. डाव्या हातानं उठताना धरायला भिंतीला दांडा ठोकून घेतला. तुमच्या उशापासून माझ्या उशापर्यंत दोरी नेलीय, टोकाला दुकानाच्या दाराची जुनी घंटा. ओढलीत की मी उठले. आणि मुळात मी झोपलेली असेन असं काही नाही. स्लीपलेस हा मी शिकलेल्या पहिल्या पाच शब्दांतला आहे, पण तो सहज म्हणून शिकले.

सराव असा चालतो. संध्याकाळी औषधवाला काउंटरच्या आत, मी बाहेर, आणि तो म्हणजे तुम्ही. छातीवर हात ठेवतो आणि इंग्रजीत कण्हतो. मी सांगायचं काय होतंय.

"आय ॲम ब्रेथलेस."

"ब्रेथ म्हणजे श्वास. श्वास नाही. म्हणजे दम लागलाय."

"आय ॲम अनस्टेडी."

"तोल जातोय. धरा त्यांना."

"डिसकम्फर्ट."

"कम्फर्ट मला माहीत आहे, रजईच्या लेबलावर असतो. आराम, सुख. त्याला डिस लागलं म्हणजे ते गेलं. बरं वाटत नाहीये."

काल माझ्या मागे उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, "अहो, माणूस मरायला टेकलाय आणि तुम्ही शब्द उसवत बसलात." औषधवाला म्हणाला, "काका, रांगेत उभे राहा, पुढचे तुम्हीच." आता त्या काकांनाही चटक लागलीय, रोज एक आजार घेऊन येतात. खोटा. परवाचा खरा निघाला, त्यांचं बीपी वाढलेलं होतं.

मग दुकान बंद करते. शटर ओढायला फार वेळ लागत नाही, पण मी लावते. कुलूप तपासते, परत तपासते, समोरच्या पेपरवाल्याला उद्या पाऊस आहे का विचारते. तो सांगतो. मग घरी जावंच लागतं.

घरी तुमची खुर्ची समोर घेऊन बसते आणि तिला इंग्रजीत विचारते, पाणी हवं का, खिडकी लावू का, पाय दुखतात का. हे गेल्यावर आपण दोघी समोरासमोर बसायचो, आठवतं? तुम्ही वह्या तपासायचात, नंतर वह्या यायच्या बंद झाल्या तेव्हा वर्तमानपत्रातल्या चुका तपासायचात. मी बटणं लावायची. तासन् तास कुणी एक शब्द बोलायचं नाही. तेव्हा मला वाटायचं, ही बाई बोलत का नाही. आता खुर्ची बोलत नाही तेव्हा कळतं की तुमचं न बोलणं वेगळं होतं.

डब्यात एक लाल तुकडा आहे, टेली. टेली म्हणजे लांब. टेलिफोन, लांबचा आवाज. टेलिव्हिजन, लांबचं बघणं. सगळं लांबचं. हा तुकडा मी टेबलावर ठेवत नाही, झाकणाखाली ठेवलाय. परीक्षेत येणार नाही अशी आशा आहे.

सूनबाई, पार्सल मिळाल्याचं तू कळवलंस, पण त्या तुकड्यांशी खेळतात का ते लिहिलं नाहीस. आणि त्यांना इकडे यायचंय ना, हे मी तुला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात. घर त्यांचंच आहे.

कात्री


२ सप्टेंबर

वन्सं,

परीक्षेला तुम्ही होतातच, तरी मी लिहिणार. फोनच्या या टोकाला काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही.

जेवून घेतलं आणि शटर अर्धं ओढलं. कापायच्या टेबलावर तुकडे मांडले, लाल वर, पांढरे मध्ये, निळे खाली. औषधवाला म्हणाला होता, हवं तर मी शेजारी बसतो. मी नको म्हटलं, कॉपी केली म्हणून नापास करायचे.

फोनची घंटा वाजली. तुमचा लेक म्हणाला, "मामी, आई समोर बसलीय. तयार आहात?"

तुमचा श्वास ऐकू आला. तेवढ्यावरून मला कळलं की तुम्ही खुर्चीच्या अगदी कडेला बसला आहात, पाठ न टेकता. तुम्ही तशाच बसता. पण ते परीक्षेत नव्हतं.

पहिलं तुम्ही म्हणालात, "वॉर्म वॉटर." वन्सं, वॉर्म. अनकोल्ड नाही. मी सांगितलं, गरम पाणी. बरोबर.

दुसरं, "विंडो. अनलॉक."

"खिडकी उघडा, गुदमरतंय."

लेक म्हणाला, "गुदमरतंय असं ती म्हणाली नाही."

"मग खिडकी कशाला उघडतात?"

मागून सूनबाई हसली. मला वाटलं, झालं. जिंकले. मनातल्या मनात मी खाटेवर चादर घालूनसुद्धा टाकली.

मग तो म्हणाला, "आई, आता तुला मामीला स्वतःचं काही सांगायचंय ना, ते सांग."

कापड टेबलावर घासल्यासारखा आवाज येत होता. तुकडे असावेत, मी पाठवलेले. बटण बसल्याचा आवाज मी झोपेतही ओळखेन. एक बसलं. मग एक.

"आय ॲम," तुम्ही म्हणालात. "कम्फर्टेबल. हिअर." आणि मग, "नो. रिटर्न."

मी टेबलाकडे बघितलं. एबल समोरच होता. रि वरच्या रांगेत पहिला. उसवायला काही लागलंच नाही, इतकं सोपं होतं. सुखात आहे. इथं. परत नाही.

"मामी?" लेक म्हणाला. "काय म्हणाली आई? कळलं का?"

मनात आलं, म्हणावं, नाही रे, आवाज खरखरला. म्हणजे नापास. नापास झाले असते तर तुम्ही आला नसतात ते माझ्या इंग्रजीमुळे, आणि मी म्हाताऱ्या काकांना सांगितलं असतं की पेपर अवघड होता. पण तुम्ही समोर बसला होतात, पाठ न टेकता. एवढ्या कष्टानं जुळवलेलं वाक्य होतं. ते मी खाली पाडलं असतं तर तुम्हाला परत पहिल्यापासून जुळवावं लागलं असतं.

मी म्हटलं, "त्या म्हणतायत, त्यांना तिथं बरं वाटतं. त्यांना परत यायचं नाही."

तो मग हळूच म्हणाला, "बरोबर आहे, मामी."

"पास ना?"

"पास."

बघा वन्सं. इतकी वर्षं तुम्ही माझ्यामागे लागलात, आणि मला इंग्रजीतलं पहिलं आख्खं वाक्य कळलं ते हे.

मला राग आला नाही असं लिहिणार होते. आला. त्या बाईचाही आला, जिला सगळं चटकन कळतं. मग विचार केला, तुम्ही मुकाट्यानं आला असतात तर दोरी ओढली असतीत का? नसती ओढलीत. मला उठवायला नको म्हणून छातीवर हात दाबून पडून राहिला असतात. आणि मी दोरीकडे बघत जागी. तिथं तुम्ही पाणी मागता, खिडकी उघडायला सांगता. सांभाळायला पैसे घेणाऱ्या बाईला, मग ती तिथली असो की समुद्रापलीकडची, माणूस हक्कानं उठवतं. हे मला पटलंय असं नाही. पण कळलंय, आणि परीक्षा कळण्याचीच होती.

फोन ठेवायची वेळ आली. मी ओके म्हटलं. दुसरं काय म्हणणार. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "अगेन."

लेक म्हणाला, "आई, मामींना कळलंय. परत सांगायला नको."

"अगेन," तुम्ही म्हणालात. या वेळी आवाज मोठा होता, मागच्या बाकावरच्या पोरांसाठी ठेवलेला. आणि टेबलावर बोटांनी टकटक केलीत.

सूनबाई म्हणाली, "त्यांना कदाचित पुन्हा सराव करायचा असेल."

मी टेबलावर शोधलं. अगेनला पुढं लाल नाही, मागं निळा नाही. तो शब्द उसवत नाही. मी औषधवाल्याला विचारायला जाणार नव्हते, तेवढा वेळ नव्हता आणि तेवढी गरजही नव्हती.

"पुढच्या रविवारी?" मी विचारलं. आपल्या भाषेत.

टकटक थांबली. बस, तेवढंच. मग लेकानं फोन ठेवला.

खाट अजून खिडकीशीच आहे. परत ओढायला दोघं लागतात. दोरीही सोडलेली नाही, तिच्यावर आता कोट वाळत घालते. तो प्राइसलेस झाला पूर्ण. बाईंनी नेला तेव्हा परत माझा हात धरला, आणि या वेळी मी लवकर सोडवून घेतला नाही.

सूनबाई, सामान बांधताना तुकड्यांचं पार्सल हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको. या पत्रात एक नवा तुकडा घातलाय, पांढरा. त्याच्यावर अगेन भरलंय. त्याला एकही बटण नाही, विसरले म्हणून नाही, लागत नाही म्हणून. तो वन्संच्या हातात दे.

आणि वन्सं, समुद्रापलीकडे गेल्यावर माझी दुपार म्हणजे तुमची काय असेल ते सूनबाईकडून समजून घ्या. दर रविवारी मी शटर अर्धं ओढून फोनशी बसेन. फोन तुम्ही करायचा. मी आधी करणार नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे.

फार तर पहिल्या घंटेला उचलेन.

तुमची
कात्री